लिहितात जा, म्हणतात या

जर्मनीत, एर्लांगेनमध्ये आम्ही राहतो त्या वस्तीत महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी लोक एकमेकांना आपापल्या प्रवासाचे फोटो दाखवतात. चर्चच्या मागे एक हॉल आहे, तिथे. नियम दोनच: फोटो स्वतः काढलेले हवेत आणि पाऊण तासात आटपायचं. केक लोक घरून आणतात. बहुतेक सगळे साठीच्या पुढचे, नॉर्वेपासून पेरूपर्यंत सगळं पाहून बसलेले, त्यामुळे कशाचंच फारसं आश्चर्य न वाटणारे. मला ही मंडळी आवडतात. उगाच 'वा वा' करत नाहीत.

तिथे जावा बेटाचे फोटो दाखवायचं मी कबूल केलं होतं ते जावाला जायच्या आधीच. यादी करणाऱ्या बाईंनी पुढच्या वर्षीचा एक शनिवार वहीत माझ्या नावावर लिहून टाकला. मधल्या काळात काय झालं ते वहीला कळण्याचं कारण नव्हतं. तीन आठवडे आधी बाईंचा फोन आला, प्रोजेक्टरला कुठली वायर लागेल एवढंच विचारायला, आणि मी वायर सांगितली. नाही म्हणायचं सुचलंच नाही. गेलं वर्षभर मला फारसं काही सुचत नव्हतं. कुणी विचारलं की विचारल्याचं उत्तर द्यायचं, इतपत जमत होतं.

तर त्या शनिवारी मी उभी राहिले. नवरा लॅपटॉपपाशी बसला. मुलगी आखनला इंजिनिअरिंग शिकते, ती मुद्दाम शनिवार-रविवार घरी आली होती आणि मागच्या रांगेत बसली होती. मी सांगितलं, की जावाला जाणाऱ्याने योग्याकार्तामध्ये मुक्काम ठोकावा. तिथून बोरोबुदूरचा बौद्ध स्तूप तासाभरावर आहे, प्रंबाननची हिंदू देवळं त्याहून जवळ. स्तूपावर चढायची वेळ आधी ठरवून घ्यावी लागते, आणि चढताना दगड झिजू नयेत म्हणून आपले बूट काढून विणलेल्या चपला घालाव्या लागतात. त्या चपला नंतर आपल्यालाच देऊन टाकतात. यावर पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी मान डोलावली. त्यांना ही व्यवस्था पटली असावी.

जावाला जायचं हे मुळात माझ्या डोक्यातलं नव्हतं. ते ताईचं. ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, पुण्यात प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. कुठल्याशा पुरवणीत तिने वाचलं, की प्रंबाननला देवळांच्या पायथ्याशी मुसलमान मुलंमुली रामायण नाचून दाखवतात. तिने त्या पानाचा फोटो काढून मला पाठवला. खाली लिहिलं, की राम लांब गेला तरी राहतो कसा ते बघायचंय. मी लिहिलं, चल मग, जावा बघायला जाऊ. त्यावर तिचं उत्तर: "जावा बघायला एवढं लांब कशाला? मला दोन आहेत. ने त्यांनाच." तिला खरंच दोन जावा होत्या, एक सासवडला आणि एक शेजारच्याच इमारतीत. माझ्या जर्मन नवऱ्याला हा विनोद समजावून सांगता सांगता मला घाम फुटला. तो सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे त्याच्या डोक्यात आधीच तिसरी जावा होती.

ती आम्हाला जकार्ताला येऊन भेटणार, असं ठरलं. मग दिवाळीनंतर तिला खोकला झाला तो हटेना. जिना चढताना धाप लागायला लागली. तिने तिकीट काढायचं रद्द केलं आणि मला फोनवर सांगितलं, "तुम्ही दोघं बघून या गं. मला नंतर फोटो दाखव." हे वाक्य मी पुढे वर्षभर फार वापरलं. का, ते येईलच.

त्याआधी तिचं इथलं एक सांगायला हवं. बारा वर्षांपूर्वी ताई तीन महिने आमच्याकडे राहिली होती. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. मी सकाळी सातला सायकलवर टांग टाकून ऑफिस गाठायचे, नवरा माझ्या मागोमाग, आणि मुलीला शाळेत पाठवायचं काम ताईने आपणहून अंगावर घेतलं. जर्मन तिला एक अक्षर येत नव्हतं. पण बेकरीत, बसमध्ये, जिन्यात लोक हो म्हणायला जे 'या' म्हणतात ते तिने पहिल्याच आठवड्यात उचललं. "सगळे आपले या, या करत असतात," ती म्हणाली, "आणि घरात कुणी कुणाला बोलवत नाही." मग एकदा मी कसलासा विम्याचा फॉर्म भरत बसले होते. त्यावर ओळीने चौकटी, आणि प्रत्येक चौकटीपुढे हो किंवा नाही, म्हणजे ja किंवा nein. ताईने चष्मा लावून वाचलं. "अगं बाई! हे तर जा आहे! कागदावर जा जा लिहून ठेवतात, मेले अपशकुनी, आणि तोंडाने या म्हणतात?" हसून हसून तिला ठसका लागला. त्यानंतर आमच्या घरात होकार कुणी साधा दिलाच नाही. ती पुण्याला परतल्यावरही तिच्या मेसेजमध्ये मधूनच 'ja ja, genau', म्हणजे हो हो, अगदी बरोबर, असायचं. मेसेज ती इंग्रजी अक्षरांतच लिहायची. शुद्धलेखनाच्या बाबतीत मराठी की-बोर्डवर तिचा विश्वास नव्हता.

मुलीलाही तेव्हाच थोडं मराठी लागलं. तिला सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये देते. अगदीच मराठी बोलायची वेळ आली तर सगळा कारभार वर्तमानकाळात. भूतकाळ तिला कधी जमलाच नाही. आम्ही ताईला विमानतळावर सोडून आलो त्या दिवशी ती मला म्हणाली होती, "मावशी पुण्याला जाते, मावशी रडते."

आमचं विमान शनिवारी होतं. त्याच्या आधीच्या मंगळवारी ताईला इस्पितळात ठेवलं. भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, फोनवर म्हणाले, "न्यूमोनिया आहे. मास्क लावलाय, बोलता येत नाही तिला. पण डॉक्टर म्हणतात सुधारतंय." मी विचारलं, येऊ का? ते म्हणाले, "ते तुझं तू ठरव बाई, मी काय सांगू." त्यांचा स्वभावच तसा, कधी कुणाला अडवणार नाहीत आणि बोलावणारही नाहीत. म्हणून गुरुवारी मी थेट ताईलाच मेसेज केला. 'शनिवारी आमचं जावाचं विमान आहे. तिकीट बदलता येईल. पुण्याला येऊ का?'

अर्ध्या तासाने उत्तर आलं. दोन अक्षरं. 'ja'.

मी ते वाचलं: जा. जावाला जा. मला हायसं वाटलं. हे इथे स्पष्टच लिहिते, कारण बाकी सगळं मी या ना त्या मार्गाने फिरवून बघितलंय आणि हे एक फिरवता येत नाही. मला जायचं होतं. सुट्ट्या मिळवायला मी मर मर मेले होते, बॅग भरून दारात ठेवली होती, आणि ताईने परवानगी दिली. मी तिला एक बदाम पाठवला आणि बॅगेत छत्री टाकली.

बोरोबुदूरला आम्ही सोमवारी पहाटे चढलो. खाली धुकं होतं, त्यात नारळीची टोकं तेवढी वर आलेली. वरच्या गोल पायऱ्यांवर जाळीदार दगडी घंटांसारखे छोटे छोटे स्तूप आहेत आणि प्रत्येकात एक बुद्ध बसलेला. जाळीतून वाकून बघितलं की कुणाचा हात दिसतो, कुणाचा गुडघा. एका स्तूपाचा वरचा भाग नाहीये, त्यातला बुद्ध उघड्यावर आहे, डोंगराकडे तोंड करून. मी त्याचा फोटो काढून ताईला पाठवला. 'हा बघ, झाकणाशिवाय.' मी तिथे अतिशय आनंदात होते. चपला हातात घेऊन खाली आले आणि शहाळं प्यायले. फोटोपुढे एकच करडी खूण होती, दुसरी उमटली नाही. म्हटलं, झोपली असेल.

मंगळवारी सकाळी नाश्त्याच्या वेळी भावोजींचा फोन आला. ताई पहाटे गेली. मी काय बोलले ते आठवत नाही. ते काय म्हणाले ते आठवतं. "दुपारीच नेणार आहोत. तू पोचणार नाहीस. उगाच धावपळ करू नकोस, दहाव्याला ये." नवऱ्याने लगेच तिकिटं शोधली. जागा मिळाली ती शुक्रवारची.

म्हणजे तीन दिवस होते. आणि त्या तीन दिवसांसाठी आम्ही एक गाडीवाला आधीच ठरवून ठेवला होता. पन्नाशीचा, शांत, इस्त्रीचा बाटिकचा शर्ट घालणारा माणूस. तो ठरल्याप्रमाणे आठ वाजता हॉटेलच्या दारात येऊन उभा राहिला. नवरा त्याला परत पाठवायला निघाला होता. मीच गाडीत जाऊन बसले. खोलीत बसून काय करणार होते ते मला समजत नव्हतं. गाडीवाल्याला कुणीच काही सांगितलं नाही, त्यामुळे त्याने सगळं दाखवलं.

सुलतानाचा राजवाडा बघितला. तिथे एका मंडपात म्हातारे वादक मांडी घालून काशाची वाद्यं वाजवत होते, मी पूर्ण ऐकलं. जुन्या जलमहालात राण्यांचे हौद आहेत, पाणी हिरवंनिळं, त्याच्या काठाने चालले. बाटिकच्या कारखान्यात एक बाई मला वितळलेल्या मेणाने कापडावर रेघ ओढायला शिकवत होत्या. मी ओढली. त्या म्हणाल्या, हात अगदी स्थिर आहे. फणसाच्या कोवळ्या गऱ्यांची गोड भाजी खाल्ली. त्या दुपारी पुण्यात ताईला नेलं तेव्हा घड्याळाप्रमाणे मी कुठे होते, हे मी नंतर हिशेब करून काढलं. मेणाची रेघ ओढत होते. मला वाईट वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं. दंतवैद्याने इंजेक्शन दिल्यावर ओठ आपलाच असतो पण चावला तरी कळत नाही, तसं सगळं अंग झालं होतं.

बुधवारी प्रंबानन. आत शंकर, शेजारच्या गाभाऱ्यात गणपती, उत्तरेला दुर्गा. कठड्याच्या आतल्या बाजूने दगडात रामायण कोरलंय. प्रदक्षिणा घातली की गोष्ट पुढे सरकते. मी घातली. ताईला बघायचं होतं म्हणून एकेक चित्र नीट बघितलं. सेतू बांधायला मासेही मदत करतायत, हे पुढे तिला सांगायचं, असं मनात आलं आणि तसंच राहिलं. बाहेर पायरीवर बसल्यावर नवऱ्याने विचारलं, तिचं शेवटचं काय बोलणं झालं तुझ्याशी? मी फोन त्याच्यापुढे धरला. माझा प्रश्न त्याला वाचता येईना, म्हणून मी त्याचं भाषांतर केलं. खालचं उत्तर त्याने स्वतःच वाचलं.

"या," तो म्हणाला. "म्हणजे तिला तू यायला हवी होतीस?"

त्याने सहज विचारलं. त्याच्या भाषेत त्या दोन अक्षरांचा दुसरा अर्थच नाही. मी त्याला समजावून सांगितलं, की हे मराठी आहे, जा म्हणजे जाणे. तो म्हणाला, "आह, सो." आणि मला पाण्याची बाटली दिली.

तेव्हापासून मी खटला चालवत होते. माझं कामच मुळी तपासणीचं. छातीच्या, हाडांच्या प्रतिमा काढणाऱ्या मशीन आम्ही बनवतो, आणि प्रतिमेत जे दिसतं तेवढंच लिहायचं, दिसावंसं वाटतं ते नाही, असं मी नव्या मुलांना डोकं खाऊन सांगते. मी ताईचे जुने सगळे मेसेज वर सरकवत वाचले. बहुतेक मराठी. मास्क लावून, एका बोटाने लिहिणाऱ्या आजारी बाईला जर्मन कशाला सुचेल? शिवाय तिनेच आधी म्हटलं नव्हतं का, तुम्ही दोघं बघून या? हे माझं सगळ्यात भक्कम वाक्य. उलट बाजूने 'ja ja, genau' होतं. पण ते चेष्टेतलं, आणि इस्पितळात कोण चेष्टा करतं? करतं. ताईने केली असती.

दहाव्याला पुण्यात मी भावोजींना विचारलं, "अहो, शेवटी माझ्याबद्दल काही म्हणाली का ती?" ते म्हणाले, "बोलता कुठे येत होतं गं. दार वाजलं की बघायची, एवढंच." इस्पितळात सगळेच दाराकडे बघतात. मी हे स्वतःला सांगितलं आणि पुढे गेले. मी रडले नाही. सासवडच्या जाऊबाईंनी तर ते बोलून दाखवलं, परदेशी राहून माणूस कोरडा होतो म्हणून. मला राग यायला हवा होता, तोही आला नाही.

हॉलमध्ये माझे फोटो पाऊण तासाच्या आत संपले. शेवटचा फोटो प्रंबाननच्या रामायण नाचाचा ठेवला होता. तो आम्ही बघितलाच नव्हता, नुसत्या रिकाम्या रंगमंचाचा फोटो होता, तसं मी सांगितलं. मग प्रश्न. एका बाईंनी पावसाचे महिने विचारले. चपलांवाल्या आजोबांनी विचारलं, की एकंदरीत जावं का तिथे, तुम्ही सुचवाल का? मी म्हणाले, "या." टाळ्या झाल्या. यादीवाल्या बाईंनी मला उरलेला अर्धा केक बांधून दिला.

रविवारी दुपारी मुलीला सोडायला स्टेशनवर गेले. न्युर्नबर्गला गाडी बदलून तिला पुढे आखनला जायचं होतं. केकचा डबा मी तिच्या पाठपिशवीत कोंबला. गाडी आली तेव्हा ती मला धरून उभी राहिली, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ, आणि जर्मनमध्ये म्हणाली, की तू काल सगळं फार छान सांगितलंस, पण एकदाही मावशीचं नाव काढलं नाहीस. दरवाजे पिकपिक वाजायला लागले.

"जा, जा," मी म्हणाले. "दार लागेल."

ती चढली. आत जाऊन वळली आणि बोट नाचवत मला चक्क मराठीत म्हणाली, "जा नाही म्हणायचं, आई. जाऊन ये म्हणायचं. मावशी चिडते."

दार लागलं. काचेतून तिने हात केला, गाडी गेली.

बारा वर्षांपूर्वी, मी सायकलवर निघून गेल्यावर, ताई तिला रोज सकाळी दारात उभी करून हे शिकवत असणार. मला शाळेत सोडतानाही तिने हेच शिकवलं होतं. निघणाऱ्याने येते म्हणायचं, आणि निरोप देणाऱ्याने ये. मी होस्टेलला निघाले तेव्हा ती म्हणाली, ये. जर्मनीला निघाले तेव्हा म्हणाली, नीट जाऊन ये. आईच्या दागिन्यांवरून आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं, तेव्हा ती मला चालती हो म्हणाली होती. जा नाही म्हणाली. भाजीवाल्यालाही कधी म्हणाली नाही. 'तुम्ही दोघं बघून या.' माझं सगळ्यात भक्कम वाक्य, आणि त्यातही ते होतंच, शेवटच्या अक्षरात. वर्षभर मी तिचे मेसेज उपसत होते आणि हे मला नऊ वर्षांच्या वयात शिकलेल्या पोरीने सांगावं लागलं.

मी बाकावर बसले. फोन काढला. माझा प्रश्न, पुण्याला येऊ का. खाली दोन अक्षरं. मी ती मोठ्याने वाचली, जशी इथे वाचतात तशी. शेजारच्या बाई माझ्याकडे वळल्या, त्यांना वाटलं मी त्यांनाच काही म्हणतेय. मग त्यांनी पर्समधून रुमाल काढून माझ्या हातात दिला, तेव्हा मला कळलं की मी रडतेय. पुढची गाडी आली आणि गेली.

ताईने मला ये म्हटलं होतं. मी बोरोबुदूर बघायला गेले.